भिंतीवरचे अण्णा सप्रे

श्रावण, तुला जाऊन आज नऊ दिवस झाले आणि आज दुपारी दोन वाजता तू टीव्हीवर होतास. सप्र्यांची मालिका पुन्हा दाखवायला लागलेत. मी दुकानात बसून पासपोर्ट फोटो कापत होतो. समोरच्या हॉटेलात टीव्ही चालू होता आणि सोफ्यामागच्या भिंतीवर तू, गळ्यात तोच झेंडूचा प्लास्टिकचा हार. सून काहीतरी बोलली, न दिसणारी माणसं खो खो हसली. हॉटेलवाल्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं आवाज बंद केला, चित्र मात्र तसंच ठेवलं. ते जास्त वाईट होतं. सगळं घर तोंडं हलवत होतं आणि तू तेवढा नेहमीसारखा होतास.

आरमोरीत सगळे मला सांगतात, रशीदभाऊ, तुमची एवढी जुनी दोस्ती, चार शब्द लिहा. लिहितो. पण तू कुठं जन्मलास, किती नाटकं केलीस, हे लिहिणारे दुसरे आहेत. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं ठेवून तू उठून गेलास, ही तुझी जुनीच खोड.

आधी कबुली देतो. तो फोटो मी काढला. शहाण्णव साल असेल. तू चाळिशीचाही नव्हतास. उन्हाळ्यात वैनगंगेत जाळं टाकायचं, पावसाळ्यात गावच्या तलावात, आणि दिवाळी झाली की होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांत म्हातारा व्हायचं, असा तुझा वर्षाचा हिशेब होता. विशीपासून तू म्हातारेच केलेस, कारण गाल बसलेले आणि डोळे खोल. तुझ्या नाटक कंपनीच्या मालकानं बातमी आणली की मुंबईत कुणीतरी घरगुती विनोदी मालिका काढतंय आणि त्यांना आजोबा सापडत नाही. फोटो पाठवा म्हणाला. मी तुझ्या केसांना आणि मिशीला सफेदा लावला, माझ्या अब्बांचा काळा कोट घातला आणि लाईट अशी धरली की बघणारा कुठंही उभा राहिला तरी तू त्याच्याकडेच बघतोयस असं वाटावं. माझ्या हातून निघालेला तो सगळ्यात चांगला फोटो. सुमनबाईंना दाखवला तर त्यांनी एकदा बघून टेबलावर पालथा घातला.

"तुमचा हात चांगला हाय, रशीदभाऊ," त्या म्हणाल्या, "पन हा मानूस घरातला नाई वाटत."

बायकोला नवऱ्याचा फोटो आवडला नाही, एवढंच मी समजलो.

फोटो बघून त्यांनी तुला बोलावलं आणि तू मला बरोबर नेलंस. ते ऑफिस आठवतं? गालिचा बघून तू चपला हातात घेतल्या होत्यास. तुला एकच वाक्य दिलं होतं, 'सूनबाई, मला चहा हवाय.' तू छान बसलास, छान खोकलास, आणि म्हणालास, "सूनबाई, मले चहा पाह्यजे."

दिग्दर्शक भला माणूस होता. हसला, पण टिंगल केली नाही. "मला म्हणा. मला."

"मला," तू म्हणालास. मग पूर्ण वाक्य म्हणायला गेलास आणि पुन्हा मले आलं. पाच वेळा झालं. सहाव्या वेळी तू 'मला' म्हणालास खरा, पण ते ऐकून तुलाच हसू फुटलं.

"गंमत आहे," दिग्दर्शक म्हणाला. "तोंड मिटलं की हुबेहूब अण्णा. उघडलं की अण्णा गेले."

लेखक खिडकीपाशी सिगारेट ओढत उभा होता. तो तिथूनच म्हणाला, "मग गेलेलेच असू देत ना. फोटो लावू. फोटो तर फारच झकास आहे."

झालं. दोन मिनिटांपूर्वी ज्या म्हाताऱ्याला दर भागात बोलायचं होतं, तो आमच्यासमोर बसल्या बसल्या वारला. तुझा चेहरा उतरलेला बघून दिग्दर्शक म्हणाला, "पुढे एखाद्या भागात फ्लॅशबॅक घेऊ. अण्णांच्या आठवणी वगैरे. तेव्हा बोलावतो तुम्हाला. तोवर 'मला' घोटून ठेवा."

त्यानं ते बोलून सोडून दिलं आणि तू धरून ठेवलंस. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून वर्ध्यापर्यंत तुझं चालू होतं, मला, तुला, त्याला. शेंगदाणेवाल्याला म्हणालास, "मला दोन पुड्या दे." त्यानं तुला साहेब म्हटलं. तेव्हापासून तुझी खात्री झाली की भाषा येते, फक्त बोलावणं यायचं राहिलं आहे.

मालिका लागली आणि सुमनबाई माझ्या दुकानात आल्या. "जित्या मानसाले हार घालते का कोनी?" मी म्हणालो, भाभी, प्लास्टिकचा आहे. मग त्यांनी त्यांचा उपाय काढला. दर शनिवारी मालिकेच्या वेळी तुला टीव्हीसमोर पाटावर बसवायचं आणि ताट वाढायचं. मेलेलं माणूस जेवत नाही. जो कोणी वरून बघत असेल त्यानं नीट बघून घ्यावं की हा जेवतो आहे. मालिका संपेपर्यंत ताटावरून उठायचं नाही. मी पुष्कळदा शेजारी असायचो. वर भिंतीवर तू, खाली भात कालवणारा तू. खालचा वरच्याकडे बघायचा तेव्हा पापणी लववायचा नाही, आणि वरच्याची तर मीच लवू दिली नव्हती. हातातला घास हलायचा म्हणून कोण कुठला ते कळायचं.

"हे हासते कोन रे?" एकदा तू विचारलंस.

मी शहाणपणा केला. म्हणालो, हसणं आधीच भरून ठेवलेलं असतं. जुनंच पुन्हा पुन्हा लावतात.

"म्हंजे हासनाऱ्याइतले काई मेलेबी असन."

"असतील."

तू हातातला घास ताटात ठेवलास. सुमनबाईंनी तो उचलून पुन्हा तुझ्या हातात दिला.

त्या घरावर तुझा जीव जडला होता, हे मी नाकारत नाही. पहिली सून सिनेमात गेली आणि एका शनिवारी दुसरीच बाई चहा घेऊन आली. घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. तू महिनाभर अस्वस्थ होतास. "नवऱ्याले समजलं नाई, सासूले समजलं नाई. मी वरून पाहून राह्यलो ना." धाकटा मुलगा झालेला पोरगा टूथपेस्टच्या जाहिरातीत दिसायला लागला तर तू पेढे वाटलेस. सगळ्यांचं काही ना काही झालं. तुझा फ्लॅशबॅक तेवढा आला नाही. दर रविवारी मला विचारायचास, "कधी यील?" आणि मी म्हणायचो, येईल.

मग मालिकेतले बाबा वारले. मालिकेत नाही, खरेच. ते काम करणारा नट हृदयविकारानं गेला, पेपरात फोटोसकट बातमी आली. मालिकावाल्यांनी चार आठवडे थांबून घर पुन्हा सुरू केलं आणि तुझ्या शेजारी दुसरा फोटो लावला. तसाच हार. त्या शनिवारी सुमनबाईंनी ताट वाढलं आणि तुझ्याच्यानं घास गिळवेना. "तो खराच हाय, रशीद," तू म्हणालास. "त्याले वाटत असन मीबी खराच हाय."

त्याच मोसमात कुरखेड्याकडच्या एका गावात नाटक सुटलं, उजाडलं होतं, तू खोबरेल तेलानं रंग पुसत बसला होतास आणि मी कंपनीचे फोटो काढायला आलेलो. एक बुढी कनात सरकवून आत आली. बराच वेळ तुझ्याकडे बघत राहिली.

"तू त्याइच्यात राह्यते ना? त्या भिंतीवर?"

"तो फोटू हाय, माय."

"मले समजते फोटू हाय. बाजूचा मानूस तं खराच मेला ना? पेपरात होतं म्हनते. मंग तुही त्याच्यासंग वळख असनच." तिनं तुझा तेलकट हात धरला. "माह्या मालकाले सांगजो, तांबडी गाय इकली नाई म्हून. जाताना तेच इचारत होता. मी पानी आनाले गेल्ती, त्याले जवाब भेटला नाई."

मला हसू आलं होतं. तूही हसशील आणि हिला समजावून लावून देशील, असंच वाटलं. तू हात पुसलेस आणि विचारलंस, "नाव काय त्याइचं, माय?"

तिथून ते सुरू झालं. झाडीत बातमी पसरायला पेपर लागत नाही. जिथं नाटक असेल तिथं सकाळी दोन-तीन बायका कनातीशी बसलेल्या असायच्या. पुरुषही यायचे, बिडी मागायच्या निमित्तानं. कुणाला सांगायचं असायचं की पोरीचं लग्न झालं. कुणाला, की ती शिवी मनातून नव्हती. सूरजागडाच्या खालच्या एका गावात एका म्हातारीनं गोंडीत निरोप दिला. तुला त्यातला एक शब्द कळत नव्हता. तिच्याकडून चार वेळा म्हणवून घेतलास आणि नाटकाच्या भाषणासारखा पाठ केलास. लिहून काहीच ठेवायचा नाहीस. म्हणायचास, कागदावरचा निरोप म्हणजे चिठ्ठी, आणि चिठ्ठी हरवते.

एका सकाळी नदीचे फोटो काढायला मी तुमच्या गावच्या घाटावर आलो होतो. पाण्यावर धुकं होतं. तुझा डोंगा दिसत नव्हता, आवाज येत होता. तू एकेका गावाचं नाव घ्यायचास, मग माणसाचं, मग निरोप. मग थांबायचास. ते थांबणं मला आजही आठवतं. नाटकात दुसऱ्याचं वाक्य येईस्तोवर नट थांबतो, तेवढंच. मग "हो" म्हणायचास आणि पुढचं गाव. गोंडी निरोपानंतर तू जास्त थांबलास आणि दोनदा "हो" म्हणालास. मी एकही फोटो न काढता सायकल वळवली. तुला हे कधी सांगितलं नाही.

त्यावरून आपण भांडलो ते किती वेळा, सांगता येणार नाही. मी म्हणायचो, "लोकाइले फसवून राह्यला तू."

"मी निरोप घेतो. पोचवतो म्हनलो का कधी?"

"मग घेतं काऊन?"

"त्याइचं वझं कमी होते, माह्यं वाढते. यात फसलं कोन, सांग ना."

मी म्हणायचो, आमच्यात गेलेलं माणूस अल्लाच्या हवाली असतं, तिथं डाक जात नाही. तू म्हणायचास, "नसन जात बा," आणि चहा मागवायचास. तुझ्याशी वाद घालणं म्हणजे पाण्यावर लाठी मारणं.

आता मुद्द्यावर येतो. लिहायला बसलो तेव्हापासून टाळतो आहे.

नव्याण्णवच्या मेमध्ये माझी बायको नसीम नागपूरला दवाखान्यात होती. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तिची बहीण जवळ होती आणि मी लग्नसराई करत फिरत होतो. रविवारी एसटीडीवरून फोन केला तेव्हा ती म्हणाली, बुधवारपर्यंत या. मला वरोऱ्याच्या एका लग्नाचं व्हिडिओ शूटिंग होतं, बुधवारीच रिसेप्शन. मी म्हणालो गुरुवारी येतो. ती म्हणाली, बुधवारी या ना. तेव्हा मी जे बोललो ते इथं लिहितो, कारण आता ते लपवून कुणाचं भलं होणार नाही. मी म्हणालो, तुझ्या दुखण्यानं मला भिकेला लावलं, आता एक दिवस तरी कमवू दे. बूथवाल्याच्या मशीनवर आकडे पळत होते, म्हणून मी फोन ठेवला. बुधवारी संध्याकाळी ती गेली. मी गुरुवारी सकाळी पोचलो तर कॉटवरची चादरसुद्धा बदलून झाली होती.

हे बोलणं मी कुणाला सांगितलं नाही. बहिणीला नाही, मशिदीत नाही, तुलाही नाही.

चाळिसावा झाल्यावर तू दुकानात आलास. उभाच राहिलास. म्हणालास, "रशीद, नसीमभाभीनं निरोप देल्ला."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "तुह्या भिंतीवरचा धंदा माह्या घरात आनू नको."

"आयकून तं घे. त्या म्हनल्या, आयतवारी तू फोनवर जे बोल्ला ते..."

पुढं मी ऐकलं नाही. तुझी कॉलर धरली आणि तुला पायरीवरून खाली ढकललं. लोक समजले, रशीदला राग आला. मी भ्यालो होतो, श्रावण. रविवारचं ते बोलणं ती आणि मी सोडून कुणाला माहीत असणं शक्य नव्हतं. दिवसभर दुकान बंद करून आतल्या खोलीत बसलो आणि फोटो धुवायचा लाल दिवासुद्धा लावायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर दर मोसमाच्या आधी, कंपनीबरोबर निघण्यापूर्वी, तू पायरीपाशी यायचास. आत पाऊल टाकायचा नाहीस. एकच प्रश्न, "देऊ का आता?" मी नको म्हणायचो. चार वर्षं. गेल्या वर्षी तर तोंडानं नकोही म्हणालो नाही, काचेआडून हात हलवला, भिकाऱ्याला पुढं जा म्हणतात तसा. तू मान हलवून गेलास. बाकी आपली दोस्ती होतीच, ईदला तू शीरखुर्मा खाऊन जायचास. तेवढी एक गोष्ट सोडून सगळं बोलायचो.

तू गेल्याचं कळलं तेव्हा मी देसाईगंजला होतो. तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी पोचलो. सुमनबाई ओट्यावर बसल्या होत्या. रडून झालं होतं त्यांचं. शांतपणे सांगत होत्या. मलेरिया, डोक्यात ताप गेला, दवाखान्यात न्यायला ट्रॅक्स आली तोवर उशीर झाला होता.

"शेवटच्या दिसी ते सारखं 'मला' 'मला' म्हनत होते," त्या म्हणाल्या. "मला पाणी हवंय. मला उठून बसवा. असं शुद्ध, पुस्तकावानी. रशीदभाऊ, मले वाटलं हे नाईच, घरात दुसराच कोनी बोलून राह्यला. मी धावत जाऊन ताट वाढून आनलं. खाल्लं नाई त्याइनं."

"मंग सारे निरोप म्हनले. गाव, नाव, समदं. त्या गोंडी बाईचाबी. सारे झाले आन म्हनते, एक राहिला. मी म्हनलं, राहू द्या, कोनाचा हाय तो पाहू मंग. तं म्हनते, तो तिकडचा नाही. तो इकडचा आहे."

"इकडचा म्हणजे?"

"तुमाले मालूमच नाई का, भाऊ? ते दवाखान्यात गेल्ते. कंपनीची भाड्याची ड्रेपरी, नाटकाचे कपडे, वापस कराले नागपूरले गेल्ते ना, त्या बुधवारी. भाभीची बहीन औषध आनाले गेली, तं हे बसले होते घंटाभर. भाभी बोल्ल्या त्याइच्यासंग. जित्या होत्या तवा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तू भिंतीवरून नव्हे, कॉटशेजारच्या स्टुलावरून निरोप आणला होतास. तुझ्याकडे आलेल्या शेकडो निरोपांत तो एकच असा होता की जो पोचवणं तुझ्या हातात होतं. आणि तोच मी चार वर्षं घेतला नाही.

"मग त्यानं हे सांगितलं काऊन नाही मला? दवाखान्यात भेटलो म्हणून?"

"कसं सांगाव, भाऊ? तुमी नव्हते तिथी आन ते होते." त्यांनी पदर सारखा केला. "म्हनत, मी निरोप तेवढा सांगीन, बाकी नाई सांगत. रशीद लाजेनं मरन."

मी विचारलं, काय होता निरोप. दोनदा विचारलं.

"ज्याचा त्याचा," त्या म्हणाल्या. "बाकीचे तापात कानी पडले. हा नाई सांगितला त्याइनं."

श्रावण, तुझा राग येतो मला. एकदा माझी मान धरून ऐकवला असतास तर काय बिघडलं असतं? तुझ्या अंगात जोर होता, जाळं एकट्यानं ओढायचास. पण नाही, माणसानं नको म्हटलं की तू थांबायचास. मग स्वतःचाच राग येतो आणि तो जास्त टिकतो. रोज ते तुटलेलं वाक्य मी मनात पुरं करून बघतो. आयतवारी तू फोनवर जे बोल्ला ते मी विसरली. आयतवारी तू फोनवर जे बोल्ला ते मी विसरनार नाई. नसीमच्या तोंडी दोन्ही शोभतात. ती काय म्हणाली असेल हे सतरा वर्षांच्या संसारानंतर मला सांगता येत नाही, याची लाज वाटते.

गेलेल्यांकडे डाक जात नाही, हे मी आजही मानतो. मौलवीसाहेबांना विचारलं तर ते हेच सांगतील. तरी लिहितो.

ती तुला भेटेल. भेटली की पहिलं विचारेल, दिला का माझा निरोप? तुला खोटं बोलता येत नाही, मला माहीत आहे. लोकांचा एकेक शब्द तू जिवापाड सांभाळलास, न कळणाऱ्या भाषेतलासुद्धा. माझ्यासाठी एकदा खोटं बोल. म्हणावं, रशीदनं ऐकला. मधे न तोडता, शेवटपर्यंत ऐकला. आणि तिनं विचारलं, मग काय म्हणाले, तर सांग, काही बोलला नाही, दुकान बंद करून बराच वेळ नुसता बसून होता. तेवढं खरं आहे.